पिशवी उघडण्याआधी हे पत्र वाचा

लिस्बन,
१८ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

तीर्थरूप बाबा, आई, काका आणि काकू यांना शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार, छोट्याला पापा.

मी खुशाल आहे. फोनवर रोज सांगतेच, पण आईला फोनवर माझा आवाज बारीक वाटतो म्हणून कागदावर लिहून देते. मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, आवाज बारीक झालेला नाही.

ही पिशवी आमच्या ऑफिसातली मडगावची मैत्रीण घेऊन येतेय. आमच्यातली गणेशचवथीला घरी जाणारी ती एकटीच. दादाला मडगावला पाठवा, तिला डिचोलीपर्यंत यायला लावू नका. तिच्याही घरी गणपतीवर फळांची माटोळी बांधायची असेल. विमानतळावर काढून ठेवावं लागलं ते सगळं या पिशवीत आहे. २३ किलोच्या जागी काकूची बॅग २९ भरली, आपण काउंटरसमोर फरशीवर बॅगा पसरून बसलो, काकांनी शर्टावर शर्ट असे तीन चढवले, बाहेर एवढं ऊन असताना छोट्याला स्वेटर घातला, तरी चार किलो जास्तच. मी तेव्हा तुमच्यावर ओरडले. कोंबडे परत काढा म्हणून काकूवर ओरडले आणि ती गप्प बसून एकेक कोंबडा काढत राहिली. ते डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या मनात त्या वेळी भलतंच काही चाललं होतं, तुमच्यावर राग नव्हता. काय चाललं होतं ते पुढे लिहिते.

एक सांगून ठेवते. पिशवीच्या तळाशी निळ्या कागदातली पुडी आहे, ती पत्र संपल्यावर उघडा. छोट्याच्या हाती लागू देऊ नका.

आधी आगींचं. टीव्हीवर ज्या आगी दाखवताहेत त्या पोर्तुगालच्या उत्तरेला आणि मधल्या डोंगराळ भागात आहेत. लिस्बन तिथून लांब, समुद्राजवळ आहे. डिचोलीत बसून कोयनेच्या जंगलातल्या वणव्याची जेवढी भीती वाटावी तेवढीच मला इथे वाटते. दिवसा खिडक्या बंद ठेवते, पण त्या उन्हासाठी. तेव्हा बाबांनी रात्री बाराला उठून बातम्या लावू नयेत. सावंतवाडीच्या आत्यालाही हे वाचून दाखवा, तिचे तीन फोन आले.

आणि आई, तुपाचं मनाला लावून घेणं आता सोड. कस्टम्सच्या त्या बाईने दुष्टपणाने बाटली काढून घेतली नाही. बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचं किंवा मांसाचं काहीही प्रवाशाला इथे आणता येत नाही, घरी कढवलेलं तूपही त्यात आलं. भाजी आणि फळांनाही सरकारी दाखला लागतो, म्हणून शेवग्याच्या शेंगा गेल्या. बिनदाखल्याची फक्त पाच फळं चालतात: नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन नावाचं फणसासारखं एक फळ. त्यामुळे परसातले तीन नारळ आले. तू त्या बाईला नारळ वाजवून दाखवलास आणि तिने तो कानाशी नेऊन ऐकला, ते मी लांबून काचेतून पाहत होते. इतक्या महिन्यांनी तू मला पहिल्यांदा दिसलीस ती अशी, एका परक्या बाईला नारळाचं पाणी ऐकवताना.

पिशवीत वरच काकांचा पांढरा शर्ट आहे. आमसुलाच्या आगळाची बाटली बॅगेत फुटली तो हा. तीनदा भिजत घातला, लिंबू चोळलं, रंग गेला नाही. काका म्हणाले होते टाकून दे, पण माझ्याच्याने टाकवला नाही. धुतल्यावरही त्याला आपल्या स्वयंपाकघराचा वास येत होता. आता येत नाही, म्हणून पाठवते.

त्याखाली काकूचे कोंबडे. सातच्या सात आहेत, एकाचाही तुरा मोडलेला नाही, मी एकेकाला मोजे गुंडाळलेत. (मोजे नवीन आहेत, दादा वापरू शकतो.) काकू, चवथीला येणाऱ्या सवाष्णींना हा कोंबडा का द्यायचा असं आई तेव्हा म्हणाली. पण त्याची गोष्ट सांगून दिलास तर कोणीही घेईल. बार्सेलूश नावाच्या गावात एका यात्रेकरूवर चोरीचा खोटा आळ आला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. तो न्यायाधीशाला म्हणाला, मी निर्दोष असेन तर तुझ्या ताटातला हा भाजलेला कोंबडा आरवेल. आणि फासावर चढवायच्या वेळी तो आरवला. त्या गोष्टीवरून हे कोंबडे करतात, काळे, लाल तुऱ्याचे, अंगभर हृदयं आणि फुलं काढलेले. खऱ्याची बाजू घेणारा कोंबडा आहे तो, देवघराबाहेर कपाटावर ठेवायला काहीच हरकत नाही.

तुझी ट्रामीत गेलेली पर्स मात्र मिळाली नाही. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामीत खिसेकापू असतात हे मी शंभरदा सांगितलं होतं, म्हणून तर सगळे युरो काकांच्या आतल्या पिशवीत होते. चोराच्या हाती काय लागलं असेल ते आठवून छोटा अजून हसत असेल: आवळासुपारी, पित्ताच्या गोळ्या, चष्म्याची काडी आणि कदंबा बसची तिकिटं. पण तुला शांतादुर्गेच्या अंगाऱ्याचं वाईट वाटलं, आणि मला तुझ्या रडण्याचं. दादाला सांगते, चवथ झाली की तुला कवळ्याला नेऊन आणेल.

आता पावाचं. बाबा, तुम्ही सगळ्या वाड्याला सांगताय की पोर्तुगिजांनी आधी पाव फुकट दिला आणि मग त्याचे पैसे लावले. दादाने मला सांगितलं. तसं नाहीये, म्हणून नीट समजावते, कारण पुढच्या वेळी याल तेव्हा उपयोगी पडेल. इथल्या हॉटेलात बसलं की आपण काही मागायच्या आत टेबलावर पावाची टोपली येते. पावाबरोबर ऑलिव्हची वाटी, लोण्याच्या छोट्या वड्या, कधी चीज, कधी तारल्यांचं वाटण. याला कुवेर म्हणतात. आपल्याकडे पानावर बसलं की मीठ, लोणचं, कोशिंबीर न मागता वाढतात, त्याची वेगळी किंमत कोणी सांगत नाही. म्हणून आपल्या माणसाला तो पाहुणचार वाटतो. इथे ती विचारणा असते. पाव हवा का, असं वेटर तोंडाने विचारत नाही, टोपली ठेवून विचारतो. उत्तरही तोंडाने द्यायची गरज नसते. खाल्लं तर हो, नाही खाल्लं तर नाही. मागवलं नाही आणि हातही लावला नाही अशा पदार्थाचे पैसे घ्यायचे नाहीत, असा इथे कायदाच आहे. दरही मेनूत छापलेले असतात, प्रत्येक वस्तूचा वेगळा. म्हणजे पाव खाल्ला आणि ऑलिव्ह तसेच ठेवले तर पावाचेच द्यायचे. लोण्याची एक वडी उघडली तर एकीचेच. टोपलीच नको असेल तर आल्या आल्या हसून नको म्हणायचं, ते उचलून नेतात, कोणाला राग येत नाही. आणि एक, टोपली नुसती पुढ्यातून बाजूला सरकवली तर चालतं, त्यातला पाव दाबून बघितला तर चालत नाही.

हे सगळं मी आधी सांगायला हवं होतं. पण काकांनी पाव मोडला तेव्हा मी छोट्याला हात धुवायला घेऊन गेले होते. परत आले तर तिसरी टोपली चालू होती. काका त्या वेटरला दर खेपेला हात जोडून "देव बरें करूं" म्हणत होते, तो खूश होऊन आणखी आणत होता, आणि बाबा म्हणत होते की काही म्हणा, माणसं अगत्यशील आहेत. मला सांगायचं धैर्य झालं नाही. तुमचा चेहरा इतका आनंदी होता, बाबा. सगळ्या प्रवासात या देशाबद्दल तुम्ही काढलेला तो पहिला चांगला शब्द होता. बिल आल्यावर तो गेला. तेव्हा त्या वेटरने उरलेला पाव कागदात बांधून छोट्याच्या हातात दिला, तेही वाड्यात सांगा.

दाराचं छोटा सांगेलच. औषधांच्या दुकानाच्या दारावर पोर्तुगीजमध्ये जो शब्द लिहिलेला असतो त्याचा उच्चार जवळजवळ "पुश" असा होतो, आणि त्याचा अर्थ ओढा असा आहे. छोट्याने तो वाचून काकांना पुश सांगितलं. काका बाहेरून ढकलताहेत, आतून एक आजीबाई ढकलून बाहेर यायला बघताहेत. ती आजीबाई बाहेर आल्यावर काकांच्या दंडावर थापटून काहीतरी म्हणाली होती. काकांनी मला दोनदा विचारलं. ती म्हणाली होती, "ताकद आहे हं अजून."

आई, तुझ्यासाठी या पिशवीत एक सुती टेबलक्लॉथ आहे. बाजारातल्या त्या भाजीवाल्या बाईने दिला. तुम्ही गेल्यावर मी तिच्याकडे गेले तर तिने पहिल्यांदा तुझी चौकशी केली. तुला इथली भाषा येते अशी तिची अजूनही समजूत आहे. आणि चूक तरी काय तिची! तू बटाट्याला बटाटा म्हणालीस, तिने बटाटे दिले. तू अननस म्हणालीस, तिने अननस दिला. कोबी म्हटल्यावर तिने हिरव्या पानांची जुडी काढली, कारण त्या सगळ्या जातीला ते कोव म्हणतात. मग तू हौसेने चावी, साबण, फीत, पाव, काजू, जनेल, कदेल असं एकेक विचारत गेलीस आणि ती टाळ्या वाजवत गेली. शेवटी तिने कोथिंबिरीची जुडी फुकट घातली तेव्हा तू माझ्याकडे अशी वळून बघितलंस, जणू मी इतके दिवस उगाचच परदेश परदेश करत होते. मी या बाजारात तीन वर्षं जातेय. माझ्याशी ती तुझ्यामुळे बोलायला लागली.

पण याच शब्दांनी एकदा घात केला असता. पहिला श्रावणी सोमवार, २८ जुलै. लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरातून बाहेर पडलो, तू सकाळपासून काही घेतलं नव्हतंस. कॅफेच्या फळ्यावर तुला "पेरू" दिसला, सँडविच आहे, शाकाहारी आहे, म्हणून तू बोटाने दाखवून मागितलंस. मी चहाच्या रांगेत होते. इथे पेरू म्हणजे टर्की, तो कोंबडीसारखा मोठा पक्षी. आपल्या पेरूला हे लोक गोयाबा म्हणतात. तू बशी पुढ्यात ओढून घेतली होतीस, पाव उघडून बघत होतीस आणि काकूला म्हणत होतीस की इथला पेरू सोलून पातळ कापतात वाटतं. तेवढ्यात आपल्याबरोबर आलेल्या त्या ऑफिसातल्या मुलाने ती बशी उचलली, काही न बोलता. आणि केळी, चहा आणि लोणी लावलेला पाव आणून ठेवला. तू मला नंतर विचारलंस, त्याला कसं कळलं आज सोमवार आहे? मी तेव्हा काहीतरी उडवून लावलं. त्याच्या आजीचाही श्रावण असतो, आई. त्यांचा श्रावण आपल्याच दिवशी सुरू होतो.

मेट्रोचं लिहू का नको असं झालं होतं, कारण बाबांना ते आठवलं की अजून घाम फुटतो. बैशा-शियादू स्टेशनात दारं बंद झाली, आई आत, आपण सगळे बाहेर. मी फलाटावर धावत "आई! आई!" करून ओरडले आणि चार माणसं माझ्याकडे धावली, एकीने पाण्याची बाटली काढली, एक गृहस्थ मला बाकावर बसवायला लागले. मला समजेना. पोर्तुगीजमध्ये दुखलं-खुपलं की माणूस "आय!" असं ओरडतो. त्यांना वाटलं, मला कुठेतरी जोरात लागलंय. त्यांना काय सांगणार! पुढच्या गाडीने रोसियूला उतरलो तर आई बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी, शेजारी एक म्हातारी, दोघी शेंगदाण्याची चिक्की खाताहेत. "जत्रेत हरवलं तर जागेवरून हलायचं नाही, तूच लहानपणी ऐकायची नाहीस," असं मलाच ऐकवलंस. तुम्ही गेल्यावर दोनदा त्या स्टेशनावरून जावं लागलं. आता मी ऑफिसला दुसऱ्या गाडीने जाते, थोडं चालणं होतं, तब्येतीला बरं.

बाबा, तुमची टोपी बाटल्यांची बुचं करतात त्या झाडाच्या सालीची आहे. पावसात भिजली तरी चालेल, पण माटोळीच्या खुंटीला लटकवू नका, चेपेल. एव्होराला जाताना बसमधून ती झाडं दिसली आणि बुंध्यांवर पांढरे आकडे बघून तुम्ही म्हणालात, तोडायला काढलीत वाटतं. नंतर कळलं की तो आकडा साल काढलेल्या वर्षाचा शेवटचा अंक असतो. मग पुढची नऊ वर्षं त्या झाडाला कोणी हात लावत नाही. पहिली साल निघायलाच झाड पंचवीसेक वर्षांचं व्हावं लागतं. त्यानंतर तुम्ही बसच्या खिडकीला डोकं टेकून आकडे वाचत बसलात, दोन, सात, एक, आणि कुळागरातल्या पोफळींबद्दल काकांशी हळू आवाजात बोलत राहिलात. त्या दिवसासारखे तुम्ही मला कित्येक वर्षांत दिसला नव्हतात.

बेलेंच्या चर्चमध्ये तुम्ही आत आला नाहीत, त्याचं मला वाईट वाटलेलं नाही, खरंच नाही. वास्को द गामाचं थडगं छोट्याने बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "हा आपल्या स्टेशनवाला?" मी हो म्हटलं. तो मेला कोचीला, १५२४ साली, आणि हाडं इतक्या लांब आणून इथे दगडात ठेवली, हे सांगितल्यावर त्याने विचारलं की आजोबा बाहेर का बसलेत. त्याला मी पेनीशला उत्तर दिलं.

पेनीशला जायचं तुम्हीच ठरवून आला होतात. किल्ल्यातला तो तुरुंग आता संग्रहालय झालाय, २०२४ च्या एप्रिलपासून. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना १९४६ साली गोव्यातून शिक्षा देऊन इथे आणून डांबलं, पुरुषोत्तम काकोडकरांना आणलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण ती कोठडी, ती एवढीशी खिडकी आणि खाली आदळणारा समुद्र तुमच्या शेजारी उभं राहून पाहिला तेव्हा मला आग्वादच्या तुरुंगात असलेले आपले आजोबा आठवले, ज्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय. आपला "तुरुंग" हा शब्दही यांच्याच भाषेतून आलाय, हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर काकूने घेतलेली लेस या पिशवीत आहे, पातळ कागदात. त्या गावातल्या बायका ती लाकडी दांड्यांवर दोरे फिरवून विणतात. इस्त्री करताना वर ओला पंचा ठेवा.

पासपोर्टचं तुम्ही प्रत्यक्ष विचारलं नाहीत, पण आईकडून विचारवलंत. १९६१ च्या १९ डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना इथे नाव नोंदवून हे नागरिकत्व घेता येतं, हे मला माहीत आहे. तुमचा जन्म १९५७ चा, हेही. म्हापशाच्या, मडगावच्या किती जणांनी ते केलं, त्यांच्या पोटासाठी केलं, मी कोणाला नावं ठेवणार नाही. पण तुमच्या जन्मदाखल्याला मी हात लावलेला नाही. माझा पासपोर्ट निळाच आहे. इथे राहायचं कार्ड मला नोकरीवर मिळालंय.

आता पैशांचं, घाईत लिहिते कारण मैत्रीण सातला येणार. तांदळाच्या डब्यात ४०० युरो मिळाले. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी तांदूळ काढायला गेले तेव्हा. बाबा, तिकिटं मी माझ्या हौसेने काढली होती, परत का केलेत? आणि कौलं फेरायची होती ना, पागोळ्या माजघरात येतात असं वहिनी म्हणाली, तरी? ते पैसे पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत, काकांच्या औषधांच्या चिठ्ठीत गुंडाळून. शिक्षणाच्या कर्जाचे अकराच हप्ते राहिलेत, मी भरते, तुम्ही बँकेत जाऊ नका. चवथीला येत नाही ते पैशांसाठी नाही, तुमच्या तीन आठवड्यांत रजा संपली म्हणून. माटोळीला या वर्षी दादाला चढवा. गुडघ्याचं काय ते तुम्हाला माहीत आहे, आणि खाली शिडी धरायला मी नाही. नेवऱ्या पाठवू नका, वाटेत मोडतात. पाठवल्याच तर थोड्या.

काकूने म्हापशाच्या स्थळाचं विचारलं. त्यांना अजून काही कळवू नका. काकू, माणसं चांगली असतील, मी त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही.

तो ऑफिसातला मुलगा, ज्याने बशी उचलली, जो विमानतळावर गाडी घेऊन आला, बॅगा उघडल्या तेव्हा लांब उभा राहिला आणि आईने ज्याला "रिकाम्या हाताने कसं पाठवायचं" म्हणून दुसरा नारळ दिला, तो नुसता ऑफिसातला नाही. दीड वर्ष झालं. तीन आठवडे मी रोज ठरवत होते की आज सांगीन, आणि रोज तुम्ही इतके मजेत होतात की मला जमलं नाही. शेवटी विमानतळावर सांगायचं ठरवलं आणि तिथे ओरडले. त्याचं घराणं दीवचं, घरी गुजराती बोलतात. आजोबा गवंडीकामाला मोझांबिकला गेले आणि १९७५ नंतर सगळं सोडून इथे आले. तो इथेच जन्मला, त्याचा पासपोर्टही इथलाच, त्याला तो निवडावा लागला नाही. बाबा, हे तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे. पेनीशच्या दिवशी तो आला नाही. मी ये म्हटलं होतं. तो म्हणाला, तिथे तुझ्या वडिलांबरोबर तुम्हीच असायला हवं.

तो नारळ त्याने फोडला नाही. त्याच्या आजीने देवापाशी ठेवलाय. तिसरा माझ्याकडे फळीवर आहे, अजून पाणी वाजतं.

घंटा वाजली. मैत्रीण आली वाटतं. निळ्या कागदात तोरण आहे, त्याच्या आजीने हाताने भरलेलं, चवथीसाठी म्हणून दिलंय. दाराला लावायचं की कपाटात ठेवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त जे कराल ते मला दादाकडून नको, तुम्ही स्वतः फोन करून सांगा, बाबा. मी सव्वीसच्या रात्री जागीच असेन.

तुमची,
बाय